कंट्रोलचं रक्त

१० जानेवारी

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न उघडता कचऱ्यात टाकणार असशील, तर जरा थांब. कुणी मेलेलं नाही. अकरा वर्षांनी लिहायचं तर काहीतरी कारण लागतं, आणि माझ्याकडे कामाचं कारण आहे. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून देणार, मग मला राग येणार, आणि काम राहणार ते राहणारच.

आईची निळी फाइल तुझ्याकडे आहे. तिच्या आजारपणात तू रोज आकडे लिहून ठेवायचीस ना, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, कुठल्या दिवशी सुई, कुठल्या दिवशी रक्त चढवलं, ती. घर सोडून निघालीस तेव्हा कपड्यांच्या आधी तू ती बॅगेत टाकलीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. 

ती फाइल मला हवी आहे. लॅबमध्ये आम्ही जुन्या रुग्णांचे आकडे जमवतोय, नवीन लोकांना शिकवायला. तुझ्याइतकं नीट कुणीच लिहिलेलं नाही, हे मी तोंडदेखलं म्हणत नाहीये.

मी अजून तिथेच आहे. जिन्याखालची तीच खोली, एकच खिडकी, तीही सायकल स्टँडकडे उघडणारी. निवृत्तीला दीड वर्ष आहे. शेजारच्या बाकावर लंबू, तू गेल्यावर दोन वर्षांनी आला. दारातून वाकून आत येतो. आम्ही एकमेकांशी खिडकी उघडी की बंद यावरून भांडतो, एरवी बरं चाललंय.

फाइल शक्यतो लवकर पाठव. म्हणजे महिन्याभरात.

ताई

२ फेब्रुवारी

बारके,

झेरॉक्स मिळाली. सोबतची चिठ्ठीही. 'मूळ फाइल मिळणार नाही.' बरं बाई, नको देऊस. लहानपणी पेन्सिलसुद्धा अर्धी मोडून द्यायचीस, अख्खी नाही.

आता ऐक. मी थाप मारली. लॅबला काही नको होतं, फाइल मला हवी होती. आईला झाला होता तोच आजार मला झालाय. पूर्ण ल्युकेमिया अजून नाही, त्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि हळूहळू आत सरकतोय. औषधही आईचंच. सात दिवस रोज पोटात सुई, मग तीन आठवडे सुट्टी, की झाली एक फेरी. माझ्या दोन झाल्या. आईच्या दोन फेऱ्यांशी ताडून बघायचं होतं, एवढंच.

लगेच डोळे पुसू नकोस. तुझ्या हाडातलं बोन मॅरो मागायलाही लिहीत नाहीये. डॉक्टरीणबाई म्हणतात, ते पुढचं पुढे, आधी औषध किती लागू पडतं ते बघू.

कळलं कसं, ते सांगते, कारण त्यात माझी चांगलीच फजिती झालीय आणि ती ऐकायला तुला आवडेल.

आमच्या खोलीत रक्तपेशींमधलं मिथिलेशन तपासतात. मागे एकदा तुला समजावलं होतं, तू जांभई दिली होतीस. पुन्हा सांगते. पेशीत सगळ्या कामांच्या सूचना असतात, जाडजूड पुस्तकच समज. त्यात 'आता वाढायचं थांब' असंही एक पान असतं. या आजारात बऱ्याचदा ते पान फाटलेलं नसतं, त्याला स्टेपलरच्या पिना मारलेल्या असतात. अक्षर शाबूत आहे, पण पान उघडत नाही. या पिना म्हणजे मिथिलेशन. एका पेशीच्या दोन झाल्या की पानाबरोबर पिनांचीही नक्कल होते, आणि आजार पुढे सरकतो तशी आणखी पानं बंद होत जातात. आपलं औषध पिना उपटून काढत नाही. नवीन नक्कल होताना पिना मारणाऱ्याचा हात धरून ठेवतं. अशा पेशींच्या कितीतरी पिढ्या गेल्या की मग कुठे पान उघडतं. म्हणून हे औषध सावकाश चालतं. चार फेऱ्या, सहा फेऱ्या, त्याआधी काही बोलू नये म्हणतात.

हो, मला माहीत आहे तू आत्ता काय म्हणालीस ते.

तर फजिती. प्रत्येक तपासणीत रुग्णांच्या नळ्यांबरोबर एका निरोगी माणसाच्या रक्ताचीही नळी लावायची असते. तिला आम्ही कंट्रोल म्हणतो. तिच्यात पिना दिसता कामा नयेत. दिसल्या, तर रसायनाने नीट काम केलं नाही असं धरायचं आणि अख्खी खेप बाद करायची. नियमाप्रमाणे हे रक्त बाहेरून मागवतात. आमच्याकडे मागवलेली वस्तू यायला महिने लागतात, म्हणून नऊ वर्षं ते रक्त माझंच होतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी बाही वर करायची आणि लंबूने नळी भरायची. मला त्याचा तोरा होता. अख्ख्या हॉस्पिटलात निरोगी कोण, तर मी.

गेल्या जुलैत कंट्रोलमध्ये एक फिकट पट्टी दिसली, म्हणजे पिनांची खूण. मी म्हटलं, किट खराब. ऑगस्टात जरा गडद दिसली. मी नवं किट उघडलं, पाणी बदललं, फ्रिजचा थर्मामीटर बदलला, कंपनीला तीन खरमरीत पत्रं लिहिली. कंपनीचा माणूस येऊन सगळं तपासून म्हणाला, 'मॅडम, किटमध्ये दोष नाही.' त्याची मी अशी हजेरी घेतली की बिचारा पेन विसरून गेला. चार महिने मी खेपांमागून खेपा बाद केल्या. लोकांचे रिपोर्ट आठवडा आठवडा लांबले. माझ्या दंडावर काळेनिळे डाग होते, जिना चढताना धाप लागत होती. ते सगळं मी वयावर ढकललं.

नोव्हेंबरात लंबूने मला न विचारता स्वतःचं रक्त लावलं. खेप स्वच्छ निघाली. त्याने पट्ट्यांचा फोटो माझ्यासमोर ठेवला. 'ताई, किट चांगलं आहे.' मी म्हटलं, 'मग तुझ्या नळ्यांची अदलाबदल झालीय.' तो म्हणाला, 'दोनदा लावली.' आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. नऊ वर्षांत तो असा कधी बसला नव्हता. तेव्हा मी घाबरले.

आता कंट्रोलचं रक्त त्याचं असतं. खिडकीही त्याच्याच मनासारखी.

दोन फेऱ्यांनंतरचे माझे आकडे आईसारखेच आहेत. म्हणजे आधीपेक्षा वाईट. प्लेटलेट्स सोळा हजार. चांगल्या माणसाच्या दीड लाखाच्या पुढे असतात, हे तुला सांगायला नको.

ताई

२३ फेब्रुवारी

बारके,

अख्ख्या कार्डावर दोनच शब्द. 'कितवी फेरी?' काटकसर असावी तर अशी.

तिसरी. गेल्या रविवारी संपली. पोटावर सुईच्या जागी लाल चकंदळं उठलीत, हात लावला की दुखतात. आईच्याही अशीच होती. तू त्यांवर ओला रुमाल ठेवायचीस, मी हसायचे की त्याने काय होतंय. बरं वाटतं. मी ठेवते आता.

प्लेटलेट्स चौदा हजार. परवा दात घासताना रक्त आलं ते तासभर थांबेना. मग हॉस्पिटलात जाऊन पिशवी चढवून घेतली. मी डॉक्टरीणबाईंना सरळ म्हटलं, 'हे काही चालत नाहीये. बंद करू या.' त्या माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. खुर्चीत मागे रेलल्या आणि म्हणाल्या, 'मिथिलेशनच्या बाकावर तुम्ही किती वर्षं काढलीत?' मी म्हटलं, सव्वीस. 'मग मला काय विचारताय?' म्हणाल्या, आणि चौथ्या फेरीची तारीख लिहून दिली. असं उलट बोललेलं मला एरवी खपत नाही.

तुला एक विचारायचंय आणि विचारायची लाज वाटतेय. तू जिन्यावर जे बोलली होतीस ते अजून तसंच वाटतं का तुला? 'तुला थांबवायची घाई झाली होती.' सगळं सामान खाली गेलं होतं, तू मधल्या पायरीवर उभी होतीस, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं होतं.

दोन फेऱ्यांनंतर तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, अजून दोन बघू. तूही म्हणालीस. आई म्हणाली, 'मोठी म्हणेल तसं.' आपल्या घरात नेहमी असंच व्हायचं. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे इथपासून सगळं मोठी म्हणेल तसं. आणि मोठी म्हणाली, पुरे. तिच्या तोंडात फोड आले होते, ताप उतरत नव्हता, ती म्हणत होती मला घरी ने. मला तिचे हाल बघवत नव्हते. त्या दिवसांतलं सगळं तुला ठाऊकच आहे. जवळजवळ सगळं.

सात आठवड्यांनी ती गेली. आणि अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की औषधाचा उपयोग होत नव्हता, मी फक्त तिचा त्रास वाचवला.

आता माझी पंचाईत बघ. हे औषध मला लागू पडलं, चौथ्या, पाचव्या, सहाव्या फेरीला पडलं, तर मी जगेन. आणि मग आईलाही पडलं असतं का, हा प्रश्न मला रोज पडेल. नाही पडलं, तर मी तेव्हा बरोबर होते. परवा रिपोर्ट हातात घेताना माझ्या लक्षात आलं की आकडा खाली गेलेला बघून मला थोडं हायसं वाटलं. असं माणूस असतं का गं? मला माझीच किळस आली.

हे कुणाला सांगणार. लंबूला सांगितलं तर तो परत खुर्ची ओढून बसेल.

ताई

३० मार्च

बारके,

परवा फोनवर तू पहिलं वाक्य म्हणालीस, 'औषध सोडलंस तर याद राख.' तुझ्याकडे मागे मिक्सर चालू होता. मला त्याचा आवाजसुद्धा बरा वाटला. तुझी लेक दहावीला गेली हे मला माहीत नव्हतं. ती माझ्यासारखी हट्टी आहे म्हणालीस, तेव्हा ते कौतुक होतं की शिवी, ते कळलं नाही. मी कौतुक धरलंय.

बातमी अशी की चौथ्या फेरीनंतर प्लेटलेट्स अडतीस हजार आल्या. शेवटची पिशवी चढवून तीन आठवडे झालेत, म्हणजे त्या माझ्याच.

मी काय केलं असेल? बरोबर. मी म्हटलं, 'नळी दुसऱ्या कुणाची तरी आहे.' लंबूने नळीवरचं लेबल माझ्या नाकासमोर धरलं. मी म्हटलं, 'मशीनची तपासणी कधी झाली होती?' तो म्हणाला, 'आज सकाळी, तुमच्याच हाताने.' मग त्याने माझा दंड बांधला, पुन्हा रक्त घेतलं आणि माझ्यादेखत लावलं. एकोणचाळीस. तो खूश होऊन चहा आणायला गेला. मी तिथेच बाकाला धरून उभी राहिले. मला आनंद झाला नाही असं नाही. झाला, पण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. ते तुला प्रत्यक्ष भेटल्यावर सांगेन.

तू खरंच येतेस? तुझी खोली मी झाडून घेतलीय. म्हणजे लंबूच्या बायकोने झाडली, मी खुर्चीत बसून सूचना दिल्या. पलंग खिडकीखाली सरकवलाय, तुला हवा होता तसा. तेव्हा मी सरकवू दिला नव्हता, का ते आता आठवतही नाही.

ताई

२८ एप्रिल

बारके,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, म्हणजे तू रविवारी निघायच्या आधी तुला मिळेल. प्रत्यक्ष भेटल्यावर सांगेन म्हटलं होतं. ते जमणार नाही. तू समोर बसलीस, माझ्या पोटावर रुमाल ठेवायला लागलीस, की मी काही सांगणार नाही. मला मी चांगली ओळखते. तेव्हा आधी हे वाच आणि मग निघायचं की नाही ते ठरव.

पाचवी फेरी झाली. प्लेटलेट्स एक लाख चार हजार. आमच्या बाकावरची माझी तपासणी लंबूने केली. जुलैपासून दिसत होती ती पट्टी आता निरखून बघावी लागते. डॉक्टरीणबाईंनी मला चक्क मिठी मारली. औषध लागू पडलंय. आजार गेलेला नाही, पण मागे हटलाय.

आता आईच्या फाइलमधलं शेवटचं पान काढ. दुसरी फेरी संपल्यानंतरचं. प्लेटलेट्स बारा हजार. त्याच्या खाली, गुरुवारच्या रकान्यात, तू तुझ्या त्या बारीक अक्षरात लिहिलंयस, 'नमुना खराब निघाला, ताई म्हणाली.'

नमुना खराब नव्हता.

गुरुवारी सकाळी मी आईचं रक्त घरीच घेतलं आणि लॅबमध्ये येऊन स्वतः मशीनला लावलं. मशीनने एक्केचाळीस हजार दाखवले. शेवटची पिशवी चढवून नऊ दिवस झाले होते. चढवलेल्या प्लेटलेट्स इतके दिवस टिकत नाहीत, हे मला माहीत होतं, तुलाही एव्हाना माहीत असेल. म्हणजे त्या तिच्या स्वतःच्या होत्या. आदल्या संध्याकाळी मी डॉक्टरांना सांगून आले होते की आमचं ठरलंय, थांबवायचं. तुझ्यासमोर, आईसमोर, मोठ्या तोंडाने सांगून आले होते. आणि हा कागद हातात. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'नमुना बदलला असावा, परत घ्यावा.' कागद फाडला. घरी येऊन तुला म्हटलं, खराब निघाला. परत घेतला नाही. तू विचारलंस, 'परत घ्यायचा का?' मी म्हटलं, 'कशाला तिला टोचतेस उगाच.' तिच्या हातावर टोचायला जागा उरली नव्हती हे खरंच आहे. पण ते कारण मी नंतर शोधलं.

त्या वेळी मला खरंच वाटलं होतं का, की नळी बदलली? अकरा वर्षं मी हो म्हणत आलेय. मार्चमध्ये लंबूने माझं रक्त दुसऱ्यांदा लावलं तेव्हापासून मला तसं म्हणता येत नाही.

हे सगळं मी काल डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, एका आकड्यावरून काही ठरत नाही, तुमच्या आईचं वय जास्त होतं, ताप होता, कदाचित चार फेऱ्याही झेपल्या नसत्या. बरोबर आहे त्यांचं. एका आकड्यावरून काहीच ठरत नाही, म्हणूनच तर दुसऱ्यांदा मोजायचं असतं. मी मोजलं नाही. आई वाचली असती की नाही हे मला कधीच कळणार नाही, आणि तुलाही कळणार नाही, आणि हे माझ्यामुळे.

तू जिन्यावर म्हणालीस ते खरं होतं. तुझ्या हातात पुरावा नव्हता, कारण तो मी फाडला होता. तू अकरा वर्षं नुसत्या संशयावर राहिलीस आणि लोकांनी तुलाच तुसडी म्हटलं. मीही म्हटलं, चारचौघांत. माफी मागितली तर माझंच मन हलकं होणार, तुझ्या हाती काय लागणार, म्हणून मागत नव्हते. पण तो शहाणपणाही आता पुरे. चुकले गं मी, बारके. आईचं चुकले आणि तुझंही.

हे लिहिल्यावर तू येणार नाहीस असं मला वाटतं. त्या भीतीने मी तीन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. तुझी खोली, तुझा फोन, लेकीच्या अभ्यासाच्या तक्रारी, हे सगळं दोन महिन्यांत परत मिळालं होतं, आणि ते मला औषधाहून जास्त हवं होतं.

गाडी रविवारी सकाळी अकराला पोचते. मी फलाटावर येईन, तिकीट खिडकीजवळच्या बाकड्यावर बसेन, फार वेळ उभं राहवत नाही. गाडी रिकामी झाली की अर्धा तास वाट बघेन आणि घरी जाईन. फोन करून रागवायचं असेल तर रागव, मी मध्ये बोलणार नाही. नाही केलास तरी मला समजेल.

सोमवारी सहावी फेरी सुरू होते. तू आलीस काय आणि नाही आलीस काय, मी सातही दिवस सुई घेणार आहे. यावेळी मध्येच थांबवायचं नाही.

ताई